खुर्चीतला अर्धा दिवस

मंगळवार, ८ जानेवारी १८६७

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. कुठल्याही न्यायालयात त्याची दाद लागणार नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

गेन्स न्हाव्याच्या दुकानात भिंतीला चार फळ्या आहेत. गिऱ्हाइकांचे दाढीच्या साबणाचे मग त्यांवर मांडलेले, ज्याच्या त्याच्या नावाचे. माझा मग नऊ वर्षं दुसऱ्या फळीवर, उजवीकडून तिसरा. आज पाहतो तर चौथ्या फळीवर, घोड्यांच्या डॉक्टराच्या मगाला चिकटून! माझ्या जागी एक नवा कोरा, सोनेरी काठाचा. त्यावर वळणदार अक्षरांत — ऑरिन हॅलक.

"गेन्स, हे काय?"

"सिनेटरसाहेबांचा मग. सेंट लुईसहून मागवलाय."

"आणि माझा?"

"तुमच्या मगाचा टवका उडालाय, क्रेनसाहेब. तो खालीच शोभतो."

गोष्ट मगाची नाही. हॅलक काल स्प्रिंगफील्डला राज्याच्या सिनेटच्या बैठकीला गेला. फेब्रुवारी संपेपर्यंत तो इथे दाढी करणार नाही. मग आत्ताच मग कशाला? उत्तर सोपं आहे. जूनमध्ये राज्याच्या वरच्या न्यायालयाची एक जागा भरायची आहे, मत गावकऱ्यांनी द्यायचं आहे, आणि प्रत्येक गावकरी आठवड्यातून एकदा गेन्सच्या खुर्चीत मान मागे टाकून त्या फळीकडे बघत बसतो.

हॅलकची चढण मी पहिल्या पायरीपासून पाहतोय. आम्ही दोघांनी म्हाताऱ्या मेडबरी वकिलाच्या कचेरीत एका टेबलावर कायदा वाचला. तो नकला उतरवायचा, मी नकला करायचो. मग तो जमिनीच्या दाव्यांचा वकील झाला, मग सरकारी वकील, मग नऊ वर्षं जज्ज, आता सिनेटर. मी 'कंदील' हे साप्ताहिक काढलं आणि पुढे वकिली सोडली — किंवा तिने मला सोडलं. त्याच्या प्रत्येक पायरीला मी मनाशी विचारत आलो: याला वर कुणी उचललं? पुरावा आजवर सापडला नाही. यावरून तो किती सफाईने लपवलाय ते कळतं.

बुधवार, ९ जानेवारी

दाढी घरी केली. दोन जागी कापलं. दोन्ही जखमा हॅलकच्या नावे.

शनिवार, १२ जानेवारी

बायको गेल्यापासून दुपारचं जेवण केझायाबाई हाउसर यांच्या खाणावळीत. पाच वर्षं झाली. नवरा पीटर, जर्मन, लाकडी पिंपं बनवतो. बोलतो कमी, ठोकतो जास्त. दोन मुली, एक सहा वर्षांची, एक चार. बाईंच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार. दोन्हींसाठी मी वेगळे पैसे द्यायला हवेत.

आज जेवताना कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगात मळकट कातडी कोट. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काकवीचं भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. मी अजून वाढून घेत होतो.

"कोण तो?"

"माझा पहिला नवरा."

एमॉस स्ट्रंक. छप्पन साली कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही. तीन वर्षं वाट पाहून बाईंनी इथल्याच न्यायालयातून काडीमोड घेतला, साठ साली हाउसरशी लग्न केलं. हे सगळ्या पेरिन्स फेरी गावाला ठाऊक. आता दहा वर्षांनी स्वारी रिकाम्या हाताने परत आलीय आणि गुत्त्यात बसून सांगतेय — तो निकाल म्हणजे रद्दी आहे, केझाया अजून माझीच बायको, खाणावळ माझी, आणि त्या दोन पोरींना बापाचं नाव नाही.

"खाणावळ विकून पैसे द्या, नाहीतर कोर्टात जातो म्हणतोय," बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या की. निकाल म्हणजे निकाल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. माझ्या मिशीला काकवी लागली असावी.

शुक्रवार, १८ जानेवारी

सापडला! पुरावा नव्हे, पण पुराव्याची शेपटी तरी.

स्प्रिंगफील्डहून विधेयकांची यादी आली. दोनशेच्या वर. कुणाला पूल हवाय, कुणाला दारूचा परवाना. आणि मध्येच हे, सिनेटर हॅलक यांचं: १८५५ ते १८६४ या काळात आपल्या फिरत्या न्यायालयात झालेले सगळे निकाल, जज्जाच्या जागी हजर पक्षांच्या संमतीने दुसरा वकील बसला असला तरीही, कायदेशीर धरावेत.

खुर्चीची ही उसनवारी इथे कुणाला नवी नाही. जज्ज घोड्यावरून गावोगाव न्यायालय भरवत फिरायचा, वकील त्याच्या मागोमाग. खाणावळीत एका पलंगावर तिघं झोपायचे. जज्जाची दाढ दुखली, त्याला ताप आला, कुठे जायचं झालं, की बाकावरच्या एखाद्या वकिलाला म्हणायचा, "जरा बस रे माझ्या जागी." दोन्ही बाजू मान हलवायच्या. रोजनाम्यात नाव जज्जाचंच, खाली सही जज्जाचीच. मीही एकदा बसलोय; तेव्हा 'कंदील'सोबत थोडी वकिलीही चालू होती. आभाळ कोसळलं नाही. मग गेल्या वर्षी वरच्या न्यायालयाने ठरवलं की खुर्ची उसनी देता येत नाही. जज्ज जागेवर नव्हता असं सिद्ध झालं, तर तो निकाल निकालच नाही.

तेव्हा हॅलकने स्वतःच्या नऊ वर्षांवर एकदम पांघरूण घालायला काढलंय. कोणते खटले? यादीत नाही. कुणासाठी? नाव नाही. ज्या कागदावर कुणाचंच नाव नसतं, तो कुणाला तरी लपवत असतो.

आणि कुणाला, ते मला विचारा. अठ्ठावन्न साली रेल्वे कंपनीने नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, ते निकाल नेमके याच काळातले.

शुक्रवार, २५ जानेवारी

आजचा 'कंदील' अकराच्या आत संपला. मथळा — "पांघरूण केवढं, पाय कुणाचे?" शेवटचा परिच्छेद स्वतःशीच तीनदा वाचला. 'सिनेटर हॅलक यांनी नऊ वर्षं न्याय दिला. आता ते तो परत मागत आहेत. आम्ही एवढंच विचारतो, की त्यांच्या टोपीच्या अस्तरात रेल्वेचा फुकट पास आहे की नाही.'

गेन्सने दुकानात मोठ्याने वाचून दाखवला. साबण लावलेली तोंडं हसली. माझा मग मात्र चौथ्याच फळीवर.

खाणावळीत बाईंनी ताट जरा जोरात ठेवलं. भाकरी खालून करपलेली. बिचारीला स्ट्रंकची काळजी. त्याने लेमॉइन वकील धरलाय म्हणे.

शनिवार, २ फेब्रुवारी

हॅलक रविवारपुरता घरी आलाय. चक्क माझ्या छापखान्यात आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभा राहिला, बोटांना शाई लागू नये म्हणून हात मागे.

"क्रेन, तो लेख मागे घे."

"कारण सांग, घेतो."

"कारण सांगता येत नाही."

"तेच तर मी छापलंय."

"विधेयक समितीत आहे. लेखामुळे दोघं आत्ताच बिचकलेत. अठ्ठावीस तारखेला बैठक संपते. तोवर झालं नाही तर दोन वर्षं थांबायचं. तेवढा वेळ नाही."

"कुणाला नाही? कंपनीला?"

त्याने टोपी नीट केली. मी म्हटलं, "टोपी काढ."

काढली. अस्तरात पास होता. त्याने तो मला दाखवला, परत खोचला. "सगळ्या सिनेटरांना देतात," म्हणाला. "मी परत पाठवायला हवा होता. थंडीत गाडीची सीट गरम असते."

जाताना दारात थांबला. "तुझ्याकडे मी आणखी एक गोष्ट सांगायला आलो होतो. पण तुझ्या टेबलावर पुढच्या शुक्रवारचा कागद कोरा दिसतोय."

धमकी? लाच देण्याचा विचार बदलला? दोन्ही लिहून ठेवतो. योग्य ते पुढे निवडता येईल.

रविवार, ३ फेब्रुवारी

प्रार्थनेला हॅलक हाउसर कुटुंबाच्या मागच्या बाकावर. त्याची जागा नेहमी पुढे असते. मतं गोळा करायला लागला वाटतं, पिंपवाल्यांपासून.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

माझा लेख सिनेटमध्ये मोठ्याने वाचला गेला! विरोधी बाजूच्या सभासदाने टोपीच्या वाक्यापाशी थांबून सगळ्यांना आपापल्या टोप्या तपासायला सांगितलं. पाच मिनिटं हशा. हॅलक उत्तराला उठला, "विधेयक गरजेचं आहे, कारण देऊ शकत नाही," एवढंच म्हणाला आणि बसला. विधेयक समितीकडे परत. समिती म्हणजे सिनेटचं तळघर.

जूनच्या जागेसाठी आता दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकू येतं.

वीस वर्षांत माझं एक वाक्य या गावाच्या वेशीबाहेर गेलं नव्हतं. आज स्वतःला सिगार दिला. ओढताना सारखा विझत होता.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आजचं लिहायला नको वाटतं. म्हणून लिहितो.

विधेयक मेलं असं धरून त्याच्यावर शेवटची मूठ माती टाकायला न्यायालयाच्या कचेरीत गेलो. म्हटलं, रेल्वेचे निकाल काढू, हॅलक कोणकोणत्या दिवशी खुर्चीत नव्हता ते शोधू. शिरस्तेदार बिडवेल सज्जन माणूस. युद्धाआधी शाळामास्तर होता, अजून खडू हातात असल्यासारखा बोलतो.

"रेल्वेचे निकाल? बस. हे अकरा. अकराही दिवस हॅलकसाहेब खुर्चीत, प्रत्येक पानावर त्यांच्या हातचे शेरे आहेत. आणि हे दोन बघ. दोन्हींत कंपनी हरली."

"मग विधेयक कशासाठी?"

त्याने चश्मा काढला, पुसला, परत घातला. मग दुसरा रोजनामा आणला आणि पान उघडून माझ्यापुढे सरकवला. १४ ऑक्टोबर १८५९. वर लिहिलेलं — 'हजर: माननीय जज्ज ऑरिन हॅलक.' खाली पहिलाच खटला, एका डुकराच्या मालकीचा. दोन शेतकरी, एक डुक्कर, कानावरच्या खुणेवरून वाद.

मला हसू आलं. "हे मला आठवतं. त्या दिवशी मीच..."

"तूच," बिडवेल म्हणाला. "आता पुढची ओळ वाच."

पुढची ओळ: 'केझाया स्ट्रंक विरुद्ध एमॉस स्ट्रंक. प्रतिवादी गैरहजर. एकतर्फी निकाल. घटस्फोट मंजूर.'

मला डुक्कर आठवतं. त्याच्या डाव्या कानाची खूण आठवते. ही ओळ आठवत नाही. शिरस्तेदाराने कागद पुढे केला असेल, मी 'मंजूर' म्हटलं असेल आणि पुढच्या विनोदाचा विचार करत असेन.

"पण रोजनाम्यात नाव हॅलकचं आहे," मी म्हटलं. "खाली सही त्याची. मी बसलो होतो हे सिद्ध कोण करणार? तेव्हाचा शिरस्तेदार वारला. बाईंचा वकील तापाने गेला. डुकरवाल्यांपैकी एक कॅन्सासात, एक युद्धात मेला."

"आणि हॅलकसाहेबांना त्यांच्याच सहीविरुद्ध साक्षीला बोलावता येत नाही," बिडवेल म्हणाला. "केझायाबाईंना काडीमोडाच्या प्रकरणात स्वतः बोलता येत नाही. बरोबर. या जगात एकच कागद आहे जो सांगतो की त्या दिवशी खुर्चीत हॅलक नव्हते. लेमॉइनने काल त्याची नक्कल इथे दाखल केली."

ती नक्कल त्याने पुढे ठेवली. 'कंदील', २१ ऑक्टोबर १८५९. "खुर्चीतला अर्धा दिवस." लेखक थॅडियस क्रेन.

डुकराची गोष्ट. जज्ज मला जागेवर बसवून कसे निघून गेले, मी हातोडा कसा आपटला, डुकराने मला 'माननीय' म्हटल्याचा भास कसा झाला. गावभर लोकांनी ती कापून ठेवली होती. चांगली उतरली होती. अजूनही एक शब्द बदलावासा वाटत नाही. हेच वाईट आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

जेवायला गेलो नाही. शिळी बिस्किटं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

गेलो. गिऱ्हाइकं उठून जाईपर्यंत थांबलो. बाई टेबल पुसत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय? खुर्चीत तुम्ही होतात ते? मी मागच्या बाकावरच होते, संपादकसाहेब. डुकराची बाजू तासभर ऐकलीत. माझ्या वेळी वर पाहिलंसुद्धा नाहीत."

"आणि हॅलकचं विधेयक..."

"स्ट्रंक इथे यायच्या आधी गॅल्सबर्गला कुणाला तरी बडबडला होता. जज्जसाहेबांच्या कानावर गेलं. नाताळात ते इथे या बाकावर येऊन बसले. म्हणाले, एकट्या तुझ्या नावाचं विधेयक आणलं तर गावात तुझ्या पोरींचं नाव होईल. नऊ वर्षांचे सगळेच निकाल घालतो, म्हणजे तुझा कुणाला शोधता येणार नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलेलं शुक्रवारी छापून येतं."

त्यांनी फडकं पिळलं. धाकटी मुलगी आत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि खिशातल्या पेन्सिलीसाठी हात पुढे केला. दिली.

"आता काय होईल?" मी विचारलं. मलाच ठाऊक होतं, तरी.

"विधेयक झालं तर काही नाही. नाही झालं तर एप्रिलमध्ये कोर्ट. काडीमोडाचा निकाल रद्द झाला की मी त्या माणसाची बायको, आणि पीटर नि मी गुन्हेगार. पीटर म्हणतो, पश्चिमेला निघून जाऊ. मी म्हटलं, मी का जाऊ? एकदा एक जण पश्चिमेला गेलाय आमच्यातला. पुरे झाला."

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

'कंदील', पहिलं पान, चौकटीत: "सिनेटर हॅलक यांच्या विधेयकाविषयी या वृत्तपत्राने जे लिहिलं ते चूक होतं. विधेयक योग्य आहे आणि ते मंजूर व्हावं." खाली सही. कारण नाही. कारण लिहिलं असतं तर बाईंचं नाव लिहावं लागलं असतं.

पंचवीस प्रती पहाटेच्या गाडीने स्प्रिंगफील्डला पाठवल्या, प्रत्येक सिनेटरला एक.

दुपारी गेन्सच्या दुकानात शिरलो तर बोलणं थांबलं. मग घोड्यांचा डॉक्टर म्हणाला, "काय क्रेन, रेल्वेचा पास दुसऱ्या वर्गाचा की पहिल्या?"

"पास नाही."

"मग रोख," तो म्हणाला. गेन्स वस्तरा परजत राहिला.

मी असं गृहीत धरत आलो, की संशय घेणं हा माझा धंदा आहे आणि तो इतरांना जमत नाही. छान जमतो. कारण न देणाऱ्या माणसाबद्दल मी महिनाभर जे जे लिहिलं, ते ते सगळं मला आज ऐकवलं गेलं, काही ठिकाणी माझ्याच शब्दांत.

शुक्रवार, १ मार्च

बैठक काल संपली. विधेयक तळघरातून वर आलं नाही. चूक होती असं सांगणारा कागद कुणी मोठ्याने वाचत नाही.

बुधवार, ६ मार्च

हॅलक परत आलाय. मी त्याच्या कचेरीत गेलो. जिन्यावर दोनदा थांबलो, गुडघा दुखतो.

तो पुस्तकं खोक्यांतून काढून फळीवर लावत होता. जूनच्या जागेसाठी नाव मागे घेतलंय. सिनेटचा राजीनामा लिहून तयार, टेबलावर शाई टिपायच्या वाळूखाली सुकत पडलेला. साध्या वकिलीची पाटी पुन्हा बाहेर लावणार. पहिला खटला — हाउसर.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"थोडं तुझ्यामुळे. बरंच माझ्यामुळे. खुर्ची मी सोडली होती."

इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "त्या दिवशी कुठे गेला होतास?" मनात अजून — हो, अजून — रेल्वेच्या बड्यांचा बंद डबा होता.

"घोडा बघायला. विल्मॉटच्या मळ्यावर एक तांबडा घोडा विकाऊ होता."

"घेतलास?"

"लंगडा निघाला."

आम्ही दोघं हसलो नाही. पूर्वी मेडबरीच्या कचेरीत एवढ्यावर तासभर हसलो असतो.

"लेमॉइन तुला साक्षीला बोलावेल," तो म्हणाला. "कात्रण दाखवून विचारेल."

"आणि मी काय सांगू?"

तो खोक्यात वाकला. पुस्तकाच्या पाठीवरची धूळ फुंकत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी नऊ वर्षं साक्षीदारांना जे सांगितलं तेच. खरं काय ते."

वाटभर या वाक्याचा दुसरा अर्थ शोधला. त्याच्या प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ असतो, अशी माझी वीस वर्षांची खात्री. या वाक्याला नाही. तो खरोखरच तेवढंच म्हणाला. आणि तेवढंच मी केलं, की खटला बुडाला, हे त्यालाही ठाऊक आहे.

शनिवार, २३ मार्च

समन्स आलं. १० एप्रिल, सकाळी दहा.

बाईंनी आज भाकरीचा मधला तुकडा वाढला. मला वाटलं, काही मागतील. मागितलं नाही. ज्याच्या हातात फास आहे त्याने निदान मला विनवणी करा असं म्हणू नये, एवढी अक्कल मला आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

काल न्यायालय भरलं. नवा जज्ज तरुण, कोरडा, खुर्चीतून उठत नाही. प्यायला पाणी जागेवर मागवतो. याच्या काळात असं काही घडणार नाही.

उद्याचा विचार करतो. माझ्याजवळ आहे काय? छापखाना अर्धा गहाण. बायको नाही, मूल नाही. पक्षाने मला कधी उभं केलं नाही. पण या काउंटीत कुणालाही विचारा: क्रेन तिखट लिहितो, क्रेन दुष्ट लिहितो, क्रेनला सभ्यता नाही, पण क्रेन घडलं नाही ते लिहीत नाही. गेल्या महिन्यातल्या चौकटीलाही लोक विकलेली म्हणाले, खोटी कुणी म्हणालं नाही. हॅलकला पायऱ्या मिळाल्या, मला हे मिळालं. मी ते रोज मनात झाडून पुसून ठेवतो.

खरं बोललो तर सहा वर्षांची आणि चार वर्षांची, दोन मुली.

चांगला कोट झटकून ठेवलाय.

बुधवार, १० एप्रिल

बायबलवर हात ठेवला. लेमॉइनने कात्रण वर धरलं. "हे तुम्ही लिहिलंत?" हो. "यात म्हटल्याप्रमाणे त्या दिवशी जज्जाच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात?" नाही, मी म्हटलं. लोकांना हसवायला रचलेली गोष्ट ती. 'कंदील'मध्ये असं बरंच असतं. दालन हसलं. जज्जाने हॅलकला विचारलं, उलटतपासणी? हॅलक बसल्या जागी टेबलाकडे बघत म्हणाला, "या साक्षीदाराला मला काहीही विचारायचं नाही." रोजनामा खरा धरला. स्ट्रंकचा अर्ज फेटाळला. दहा मिनिटांत सगळं संपलं.

क्रेन गोष्टी रचतो याचं एकालाही नवल वाटलं नाही. निदान बिडवेलला तरी वाटायला हवं होतं.